जुनी स्टेशन वॅगन अंगणात सांभाळणे : कोणती कामं घरी, कोणती मिस्तरीकडे?

तापीकाठ
राम राम मंडळी. वडिलांची २००७ ची टाटा इंडिगो मरिना वॅगन आहे. डिझेल, १४०५ सीसी, एमएच १९. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीचं नूतनीकरण करून घेतलं, त्यामुळे कागद चोख आहेत. गाडी रोज चालते, शेतावर जाते, लग्नाला जाते. विकायची नाही, तो विषय काढू नका.

प्रश्न असा. आमच्या भागात ही गाडी बघितली की नवीन पोरं बोनेट उघडायच्या आधीच तोंड वाकडं करतात. अंगण मोठं आहे, रविवार मोकळा असतो. रिंग पान्यांचा सेट, मल्टिमीटर आणि जॅक आहे. म्हटलं जमेल तेवढं घरीच करावं.

सध्याची दुखणी : कन्नड घाट चढताना एसी चालू असला की तापमानाचा काटा वर सरकतो, सपाटीवर ठीक. डिकीचं दार वर थांबत नाही, बांबू लावतो. मागचा वायपर आणि काचेचा हीटर दोन्ही बंद. नेहमीचा मिस्तरी म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून फेक. आपल्याकडे बाराही महिने उन्हाळा, त्याचं इथं काम काय?" काढू का?

डबल_डिक्लच
काढ. डोळे मिटून काढ. आमच्या धुळ्याकडच्या निम्म्या जीपगाड्यांत तो नाही आणि सगळ्या चालू आहेत. पाणी मोकळं फिरतं, विषय संपला.

हीटरप्लग
विषय तिथं संपत नाही, सुरू होतो.

थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेतला नुसता अडसर नाही. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी बायपासच्या लहान वाटेनं इंजिनातच फिरवतो. साधारण ८० ते ९० अंशांच्या मध्ये आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. बऱ्याच इंजिनांत ही झडप उघडताना तिच्या मागची चकती बायपासचं तोंड बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात जातो. म्हणजे सपाटीवर गाडी थंड आणि घाटात, जिथं थंडावा हवा, तिथंच जास्त गरम.

दुसरं, "बाराही महिने उन्हाळा" हे धुळ्याच्या माणसानं तरी म्हणू नये. डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातमीत धुळ्याचं नाव असतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ते सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. सरासरी पडते, धूर वाढतो, रिंगा लवकर झिजतात. जीप चालू आहे म्हणजे जीप धडधाकट आहे असं नाही.

डबल_डिक्लच
पुस्तक छान वाचलंय. पण अडकलेल्या थर्मोस्टॅटनं पळासनेरच्या घाटात हेड वाकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. नसता तर वाकलं नसतं.

हीटरप्लग
अडकलेला बदलायचा असतो भो. दात दुखला म्हणून जबडा काढतात का?

भरीतपार्टी
आमच्याकडचा एक डॉक्टर काढतो. नाव सांगणार नाही.

सावदेकर_नाना
पोरांनो, भांडू नका. माझ्याकडे टाटा इस्टेट आहे, १९४८ सीसीचं जुनं डिझेल इंजिन. ९२ साली ती गाडी बाजारात आली तेव्हा पॉवर स्टिअरिंग आणि पॉवर विंडो बघायला गल्ली जमायची. मोटर अजून काच वर करते, फक्त एका दाराला हातानं आधार द्यावा लागतो.

तापीकाठ, आधी निदान कर, मग पाना हातात घे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघड. गरम असताना चुकूनही उघडायचं नाही, दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. आत पाणी लाल-तपकिरी दिसलं तर समजायचं की कुणीतरी बोअरचं पाणी घालत आलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड, ते हंड्याच्या बुडाला बघ. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

झाकण उघडंच ठेवून गाडी सुरू कर. हवेचे बुडबुडे सतत येत राहिले, थांबेचनात, तर हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या हेडखालच्या सीलवर) संशय. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तरी तेच. तसं असेल तर घरचं काम संपलं, गाडी मिस्तरीकडे.

तसं नसेल तर झाकण लाव आणि रेडिएटरचा वरचा मोठा पाइप हाताला लागू दे. पंख्यापासून हात आणि शर्टाची बाही दूर. थर्मोस्टॅट बरा असेल तर पाइप बराच वेळ कोमट राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू तापत गेला तर तो उघडा अडकलाय किंवा आधीच कुणीतरी काढलाय. काटा वर गेला तरी खालचा पाइप थंडच राहिला, तर एकतर तो बंद अडकलाय नाहीतर रेडिएटर चोंदलाय. खात्री करायची तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्यानं टांगायचा आणि पाणी तापवायचं. त्याच्यावर अंशांचा आकडा ठोकलेला असतो. त्या सुमारास उघडायला लागला आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला तर त्याचा काही गुन्हा नाही.

भरीतपार्टी
नाना, पातेलं कोणतं घ्यायचं ते पण सांगा. यावरच संसार अवलंबून आहे.

सावदेकर_नाना
वेगळं ठेव. कुलंट विषारी असतं, त्या पातेल्यात परत चहा नको. आणि सांडलेलं कुलंट अंगणात तसंच सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्रं, मांजर, वासरू चाटतं आणि त्याची किडनी जाते. सांडलं की माती टाकून उचलायचं.

चाळीसगावची_लेक
सगळे इंजिनातच शिरलात. वॅगनची खरी दुखणी मागे असतात, तिकडे कुणी बघतच नाही. माझ्याकडेही मरिनाच आहे म्हणून लिहिते.

वायपर आणि काचेचा हीटर एकदम बंद पडले म्हणजे मोटर जळाली असं समजून नवी मोटर आणू नका. डिकीचं दार उघडा, वर बिजागरीजवळ छतातून दारात जाणारी रबरी घडीची नळी दिसेल. सगळ्या वायरी त्यातून जातात. दार उघड-बंद होताना त्या दरवेळी त्याच जागी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. रबर सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढून बघा. तुटलेली असेल ती रबरासारखी ताणली जाते. मल्टिमीटर आहेच, दोन टोकांत कंटिन्युइटी तपासा.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. तुटका भाग कापून तिथं बारीक तारांची मऊ वायर घाला, सोल्डर करा, वर हीट-श्रिंक नळी. सगळे जोड एकाच जागी घेऊ नका, नाहीतर नळीत मावत नाहीत. शक्यतो जोड वाकण्याच्या जागेपासून दूर घ्या. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात परत हेच.

बांबूबद्दल. डिकीचे गॅस शॉकर घरी बदलता येतात, अर्ध्या तासाचं काम. पण दार धरायला दुसरा माणूस हवा. टोकाच्या सॉकेटवर एक पत्र्याची क्लिप असते, ती बारीक स्क्रू ड्रायव्हरनं थोडी उचलली की शॉकर ओढून निघतो. दोन्ही एकदम बदला. नळकांड्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, तोच आकडा आणि तीच लांबी बघून घ्या. जास्त ताकदीचे बसवले तर दार बंद करताना पत्रा वाकतो. दार बंद असताना बारीक दांड्याचं टोक खाली आलं पाहिजे, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. जुने कापू नका, तापवू नका, होळीत तर टाकूच नका. आत दाबाखालचा वायू असतो.

तापीकाठ
ताई, वायर ओढून बघितली. तीन वायरी रबरासारख्या आल्या! मोटर मागवायच्या बेतात होतो.

अमळनेरकर
एक गोष्ट कुणी बोललं नाही. लांब पाइप किंवा शिडी न्यायची म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीनं बांधतात. वॅगनमध्ये हे करू नका. चौकोनी पाठीमागे चालत्या गाडीच्या हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर त्यातून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, मागे झोपलेल्या पोरांना कळायचंही नाही. दाराचं रबरी बीडिंग चिरलं असेल तरी थोडाफार हाच प्रकार होतो, शिवाय पाणी गळून स्टेपनीच्या खळग्यात साचतं. स्टेपनी काढून तिथं हात घालून बघा. बहुतेकांना गंज तिथंच सापडेल.

पुणे_५१
एक प्रामाणिक प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा भंगारात देऊन नवीन का नाही घेत? स्पेअर मिळत नाहीत, नूतनीकरणाची फी वाढली, वर पर्यावरण कर.

डबल_डिक्लच
धाग्याच्या दुसऱ्या परिच्छेदात... नाही, पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय तो विषय काढू नका.

सावदेकर_नाना
फी वाढली हे खरं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० चे ५००० झाले, आणि ते पाच वर्षांसाठी. पण नवीन गाडीचा एक हप्ता यापेक्षा मोठा असतो. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची आडकाठी घातली गेली, तिथलं गणित वेगळं. आपल्याकडे फिटनेस नीट असेल तर चालवता येते.

आणि पुणेकर, सात माणसं, वरण-बट्टीचं पातेलं, वांग्यांचं पोतं आणि गोवऱ्या एवढं घेऊन मळ्यात जायला तुमची नवीन एसयूव्ही चालेल. पण तिचा मालक गोवऱ्या आत घेऊ देईल का?

भरीतपार्टी
वांगी बामणोदची असतील तर मी माझ्या मांडीवर घेईन. गोवऱ्या तेवढ्या डिकीत.

पुणे_५१
हार मानली. भरिताला कधी बोलावताय?

अल्टुरावाला_भुसावळ
आमच्यासारख्या पेट्रोलवाल्यांचं पण बघा कुणीतरी. मारुतीची बलेनो अल्टुरा वॅगन आहे, १६०० सीसी. इंजिन अजून मखमल. पण आता पंपावर सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि ही गाडी त्याच्यासाठी बनलेली नाही. टाकीजवळ पेट्रोलचा वास यायला लागलाय.

हीटरप्लग
वास येतोय तर आज बघा, रविवारची वाट बघू नका. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, मग ते चिरतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी तुकडे बोटांनी दाबून बघा. चिकट लागले किंवा बारीक भेगा दिसल्या तर इथेनॉल सोसणारा फ्युएल पाइपच घ्या, साधा पाण्याचा पारदर्शक पाइप नको. क्लॅम्पही नवीन. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत पाइपमध्ये दाब राहतो, तो उतरवल्याशिवाय जोड सोडू नका. ते जमत नसेल तर हे काम मिस्तरीचं. इथेनॉल टाकीतला जुना गंज आणि गाळही सोडवतं, म्हणून फिल्टर लगेच बदला. ई२० भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची नाही, ते हवेतलं पाणी ओढतं.

तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. किलोमीटर कमी असले तरी बेल्टचं वय मोजा. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर म्हातारं होतं. मरिनाच्या डिझेललाही बेल्टच आहे, तापीकाठनं पण लक्षात घ्यावं. डिझेलमध्ये तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात आणि बिल बघून आपण खाली बसतो. हे काम मात्र घरी नको. टायमिंगचा एक दात चुकला तरी तेच.

अल्टुरावाला_भुसावळ
टाकीच्या मानेचा पाइप चिरलाय. धन्यवाद. बाकी अल्टुराच्या मागच्या दिव्याची काच कुणाकडे आहे का?

डबल_डिक्लच
मुंबईला कुर्ल्यात सीएसटी रोडवर चक्कर मार. तिथं नसेल तर मग देवाकडेच असेल.

अमळनेरकर
आता सगळ्यांत महत्त्वाचं, हात जोडून सांगतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. दोन घोड्या (जॅक स्टँड) विकत घ्या, लोखंडी, खाचेच्या. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे मी बघितलेत. वीट सांगून फुटत नाही. आपल्याकडची काळी माती वरून टणक दिसते, पण पाऊस पडून गेला असेल तर जॅक तिरका होऊन रुततो. खाली जाड लाकडी फळी हवी, आणि शक्यतो फरशीवरच काम करा. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मग घोडीवर ठेवलेली गाडी जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

ब्रेकच्या बाबतीत पॅड बघणं, ऑइलची पातळी बघणं एवढं घरी करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते हवेतलं पाणी पितं आणि घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते. पेडल एकदम स्पंजासारखं होतं. बदलणं एकट्याचं काम नाही. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. पहिल्यांदा करताना जाणकार सोबत असू द्या.

खानदेशी_भाचा
मामाकडे मरिना आहे. सकाळी सेल मारला की नुसती गुरगुर, पांढरा धूर, मग एकदम चालू होते. हिवाळ्यातच. बॅटरी नवीन आहे.

सावदेकर_नाना
हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून ऊब देणारे. चार आहेत, एखाद-दुसरा मेलाय. वायर काढ, मल्टिमीटर ओहमवर ठेव, एक काडी प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चांगला प्लग साधारण एखादा ओहम दाखवतो. आकडाच आला नाही तर तो गेला. चारही ठीक असतील तर त्यांच्यापर्यंत करंट येतोय का बघ, रिले तपास. काढताना इंजिन कोमट असू दे आणि जोर लावू नको. हेडमध्ये मोडला तर माझं नाव घेऊन शिव्या देशील.

आणि सेल मारायच्या आधी डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायला मामाला सांग. आजकाल धीरच नाही कुणाला.

हीटरप्लग
माझं नाव निघालं आणि मीच उशिरा आलो. नाना बरोबर आहेत. भर एवढीच की प्लग ठीक असूनही पहाटे त्रास झाला तर डिझेलच्या लाइनमध्ये रात्री हवा शिरत असेल. फिल्टरवरचा हातपंप सकाळी दाबून बघा. मऊ लागला आणि बराच वेळ दाबल्यावर कडक झाला, तर कुठंतरी वॉशर किंवा पाइप हवा घेतोय. फिल्टरच्या तळाचं पाणीही सोडत जा. नोझल आणि पंप मात्र उघडायचे नाहीत, ते पंप-नोझलवाल्याच्या टेबलावरचं काम.

तापीकाठ
मंडळी, अहवाल.

नानांनी सांगितल्याप्रमाणे क्रमानं गेलो. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ. वरचा पाइप बराच वेळ कोमट, मग एकदम गरम. तरी थर्मोस्टॅट काढून पातेल्यात टांगला (जुनं, अंघोळीच्या पाण्याचं). छापलेल्या आकड्याच्या जवळपास उघडायला लागला आणि नीट उघडला. म्हणजे तो निर्दोष सुटला. नवीन गॅस्केट लावून परत बसवला.

मग रेडिएटरच्या पाठीमागून टॉर्च मारला आणि पुढून बघितलं. उजेडच येईना. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, दोघांच्या मध्ये दोन बोटं जागा. गॅसचे पाइप न सोडता कंडेन्सरचे बोल्ट ढिले करून तो थोडा पुढे कलवला. मध्ये धूळ, किडे आणि कापसाचं लोकर, सगळं मिळून अक्षरशः गादी बसलेली. आमच्या रस्त्यावर दोन जिनिंग आहेत, हंगामात रस्ता पांढरा असतो. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसायचा, म्हणून कुणी आत बघितलंच नव्हतं. हातानं पट्टे निघाले.

बारीक धारेनं इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला पाणी मारलं. प्रेशर वॉशर नाही वापरला, पापुद्रे वाकतात. झाकणाचं रबरही कडक झालं होतं, त्यावर छापलेल्या दाबाचंच नवीन घेतलं. कुलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं. काल एसी लावून, चार माणसं बसवून कन्नड घाट चढलो. काटा मध्यावर.

हीटरप्लग
वा! झाकणाचं काम लोक हसण्यावारी नेतात. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. अर्धं कुलंट आणि झाकणाचा साधारण एक बार दाब मिळून उकळी १२५ च्या पुढे जाते. झाकण मेलं की हा सगळा फायदा गेला.

डबल_डिक्लच
ठीक आहे, जिनिंगचा कापूस निघाला. पण थर्मोस्टॅट अडकला असता तर?

चाळीसगावची_लेक
तर नवीन बसवला असता हो दादा!

डबल_डिक्लच
मी आज आमच्या जीपच्या रेडिएटरमागून टॉर्च मारून बघितला. उजेड येतो. तेवढं जाहीर करतो, बाकी मत कायम.

खानदेशी_भाचा
मामाचे दोन प्लग मेलेले निघाले. बदलले. एका सेलमध्ये गाडी सुरू व्हई गई.

भरीतपार्टी
म्हणजे आता भरिताला मामाची गाडी नक्की.

चाळीसगावची_लेक
तापीकाठ, शॉकर बदललेस का? किती न्यूटनचे निघाले ते इथं लिही. माझ्यावरचा आकडा घासून गेलाय.

तापीकाठ
माझ्यावरचाही गेलाय ताई. एका बाजूला नुसता ४ दिसतो, पुढचं वाचता येत नाही. जळगावच्या दुकानदारानं जुना घेऊन यायला सांगितलंय, शनिवारी जातो. लांबी मोजून आणि नवीन जोडीवरचा आकडा बघून टाकतो. तोवर बांबू.